सापळे लावण्याचा अनुभव

मामा उंदीर पकडायचा. नगरपालिकेच्या आरोग्य खात्यात त्याची ती नोकरी होती आणि निवृत्त होईपर्यंत त्याने तीच केली. डेपोत आल्या आल्या कोणीतरी त्याला उंदीरमामा म्हणालं. पुढे उंदीर गळाला आणि मामा राहिला. मी पाण्याच्या पाइपलाइनवर होतो. आमचे पाने आणि त्याचे पिंजरे एकाच शेडमध्ये ठेवलेले असायचे, त्यामुळे त्याचं काम मी जवळून पाहिलं.

दुपारी तो पिंजरे धुवायचा. साबण लावायचा नाही, कारण साबणाचा वास राहतो. उकळतं पाणी आणि राख, मग उन्हात पालथे. वाळल्यावर दाराची स्प्रिंग बघायची, आकडा पुसायचा, मग आमिष. आमिष म्हणजे सुका मासा नाहीतर तेलात बुडवलेला पाव. बाकीचे ते आकड्याला टोचून मोकळे व्हायचे. मामा बांधायचा. बारीक तारेचे तीन वेढे सुलट आणि शेवटचा उलट. टोचलेलं आमिष उंदीर हळूच काढून नेतो आणि दार उघडंच राहतं. बांधलेलं ओढावं लागतं, आणि ओढलं की दार पडतं. नवीन आलेल्या प्रत्येकाला तो हे सांगायचा. नवीन आलेला प्रत्येक जण मान हलवायचा आणि टोचायचा.

सकाळी एखादा पिंजरा रिकामा निघाला की मामाचं तोंड उतरायचं. मुकादमाला त्याचं काही नव्हतं. उंदीर सापडला काय आणि नाही काय, पगार तोच. पण मामा तो पिंजरा वीतभर सरकवायचा, भिंतीला आणखी चिकटवायचा आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यात आधी तिथेच जायचा. कामावर रागावणारे लोक मी पुष्कळ पाहिले, पण ते मुकादमावर रागवायचे. स्वतःवर रागावणारा हा एकच.

घरात मात्र या नोकरीचं नाव काढायचं नाही असा नियम होता. तो मामीने घातला होता. मुलीचं लग्न ठरत होतं तेव्हा वडील काय करतात या प्रश्नाला मामीने "आरोग्य खात्यात आहेत" असं उत्तर दिलं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. व्याही बँकेत होते. टापटिपीचे, बोलण्यात सभ्य, प्रत्येक गोष्ट समजून घेणारे. आरोग्य खातं म्हणजे दवाखाना असं त्यांनी आपलं आपण समजून घेतलं आणि पहिल्याच भेटीत मामाला रक्तदाबाबद्दल विचारलं. मामा जरा थांबला आणि मीठ कमी करा म्हणाला. व्याह्यांना गुण आला. मग गुडघे आले, झोप आली, पित्त आलं. मामा दरवेळी काहीतरी कमी करायला सांगायचा. व्याह्यांना त्याचं फार कौतुक. हल्लीचे डॉक्टर गोळ्यांशिवाय बोलत नाहीत, आमचे व्याही बघा, असं ते चार लोकांत म्हणायचे.

मामाच्या मुलीला सगळं ठाऊक होतं. ती हसू दाबून स्वयंपाकघरात जायची. मामाला मात्र व्याही आले की हात कुठे ठेवावेत कळायचं नाही. जेवण झालं की तो ते पाठीमागे लपवल्यासारखा बसायचा. तारेने कापून कापून त्याच्या बोटांवर बारीक पांढऱ्या रेघा पडल्या होत्या. व्याह्यांनी एकदा त्या पाहिल्या आणि इंजेक्शनच्या सुया फार त्रास देतात का हो, असं विचारलं.

निवृत्त झाल्यावर यातून सुटका होईल असं त्याला वाटलं होतं. उलट झालं. व्याही आता फोन करून विचारायला लागले की घरी बसून एवढ्या अनुभवाचं काय करणार, स्वतःचं काही सुरू करा. काही सुरू करा म्हणजे दवाखाना, हे मामाला समजत होतं. त्याला एकच गोष्ट हवी होती. व्याह्यांसमोर तोंड वर करून सांगता येईल असं एक काम. मग मागचं काय होतं ते कोणी विचारणार नाही, असा त्याचा हिशोब.

अशात डेपोच्या फळ्यावर एक कागद लागला. नदीवर पाणमांजरांच्या निरीक्षणासाठी कॅमेरा सापळे लावायचे आहेत, सहायक पाहिजे, सापळे लावण्याचा अनुभव असल्यास प्राधान्य. मामा भेटायला आला होता, त्याने तो दोनदा वाचला. पाणमांजर म्हणजे नदीतलं केसाळ, मासे खाणारं जनावर, हे त्याला ऐकून माहीत होतं. सापळे त्याला माहीत होते. कॅमेरा हा शब्द त्याने सोडून दिला. ऑफिसच्या कागदात एखादा शब्द जास्तीचा असतोच.

संस्थेचं ऑफिस वाचनालयाच्या मागच्या खोलीत होतं. मामाने मला बरोबर नेलं. अनुभवाचा दाखला मागितला तर मी तोंडी सांगावं, म्हणून. आत एक तरुण बाई बसल्या होत्या. बुटांना गुडघ्यापर्यंत चिखल, टेबलावर लॅपटॉप आणि बिस्किटाचा पुडा. पाणमांजरांचा अभ्यास त्या करत होत्या. त्यांना आम्ही मॅडम म्हणू लागलो.

मॅडमनी विचारलं, सापळ्यांचं काम किती केलंय. मामा म्हणाला, रोज करत होतो.

"कोणकोणते प्राणी?"

"उंदीर. घुशी. चिचुंद्र्या आपल्या आपण येतात."

मॅडम एकदम खूश झाल्या. लहान प्राण्यांवर काम करणारी माणसं मिळत नाहीत, सगळ्यांना वाघ पाहिजे असतो, असं म्हणाल्या. कुठल्या संस्थेसाठी केलंत, असं विचारलं.

"नगरपालिकेसाठी."

"अरे वा. नगरपालिका असं काही करते हे मला माहीतच नव्हतं. मग पकडल्यावर वजन वगैरे घेऊन तिथेच सोडत होतात, का लांब?"

मामाने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"बुडवत होतो," मामा म्हणाला.

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्या जागेसाठी आणखी एकाच माणसाने फोन केला होता आणि चिखलात उतरावं लागेल का, एवढंच विचारून तो ठेवला होता. मॅडमनी पेन परत उचललं.

संध्याकाळी मामीला बातमी कळली. ती भांडी पुसत होती. "उंदरांवरून मांजरांवर," ती म्हणाली. "बढती झाली म्हणायची."

मामाने तिला समजावलं की पाणमांजर हे मांजर नाही, त्याचा मांजराशी काही संबंध नाही.

"मग मांजर कशाला म्हणतात?"

"तुझ्या आरोग्य खात्यासारखं," मामा म्हणाला. मामीने त्या दिवशी त्याला दुसऱ्यांदा चहा दिला नाही.

पहिल्या दिवशी मॅडम त्याला बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला घेऊन गेल्या. तिथे काठावर मोठे सपाट दगड आहेत आणि पाण्यात मुळं सोडलेली झाडं. मॅडमनी पिशवीतून एक मातकट हिरवा डबा काढला, जेवणाच्या डब्याएवढा. मामाने तो हातात घेऊन सगळ्या बाजूंनी फिरवला. दार नव्हतं. आकडा नव्हता.

"जनावर कुठून आत येतं?"

मॅडम म्हणाल्या, ते आत येत नाही. समोरून जातं, त्याच्या अंगाची ऊब या डब्याला कळते आणि फोटो निघतो.

"आणि मग?"

"मग काही नाही. ते जातं."

"जाऊ द्यायचं."

"हो."

मामाने डबा परत एकदा फिरवून पाहिला आणि याला सापळा का म्हणतात, असं विचारलं. मॅडम म्हणाल्या की सगळीकडे असंच म्हणतात. मामाला ते पटलं नाही, पण दोन तासांत तो काम शिकला.

मॅडमनी आणखी एक गोष्ट सांगितली आणि ती नीट समजावून सांगितली. कॅमेऱ्यासमोर काहीही ठेवायचं नाही. खाणं नाही, वासाचं काही नाही. खाणं ठेवलं की जनावर खाण्यासाठी येतं. मग एरवी ते तिथे किती येतं हे कळायला मार्ग राहत नाही. अशाच डब्यांनी इतर नद्यांवरही मोजणी चालली होती. सगळीकडे एकाच रीतीने झाली तरच एक नदी दुसरीशी ताडून बघता येते. मामा म्हणाला, समजलं. खरोखरच समजलं होतं. समजण्याची अडचण त्याला कधी नव्हती.

काम त्याने चोख केलं, हे मी स्वतः जाऊन पाहिलंय. डबा झाडाला गुडघ्याएवढ्या उंचीवर पट्ट्याने बांधायचा, तो पट्टा तो असा आवळायचा की पूर आला तर झाड जाईल, डबा जाणार नाही. वाऱ्याने गवत हललं तरी फोटो निघतात, म्हणून समोरची पात विळ्याने काढायची. कोळ्याची जाळी पुसायची. बॅटऱ्या बदलायच्या, कार्ड काढून नवीन घालायचं. आणि सगळं झाल्यावर डबा बरोबर बघतो का हे तपासायला जनावराच्या उंचीवरून समोरून जायचं. म्हणजे मामा दोन हात आणि दोन गुडघ्यांवर त्या दगडांवरून रांगायचा. पलीकडच्या काठावर बायका कपडे धुवायच्या. त्यांनी पहिल्या दिवशी काय हरवलंय विचारलं. दुसऱ्या खेपेला, सापडलं का विचारलं. नंतर त्यांनी विचारायचं सोडून दिलं आणि मामा रांगायला लागला की एकमेकींना हाक मारून दाखवायला लागल्या.

पाणमांजर तिथे येत होतं याबद्दल शंका नव्हती. सपाट दगडांवर त्याची विष्ठा पडलेली असायची, माशांच्या खवल्यांनी आणि खेकड्यांच्या कवचांनी भरलेली. मॅडम ती काडीने उलगडायच्या, वास घ्यायच्या आणि ताजी आहे म्हणून आनंदायच्या. मामाने आयुष्यभर लेंड्या पाहिल्या होत्या. त्यांच्यावर खूश झालेलं माणूस तो पहिल्यांदा बघत होता. पण त्याला ते आवडलं. आपल्या कामाचं कुणाला तरी एवढं वाटतं, हे त्याने डेपोत पाहिलेलं नव्हतं.

मग कार्डं बघायला सुरुवात झाली. वाचनालयाच्या मागच्या खोलीत मॅडम लॅपटॉपवर एकेक फोटो पुढे सरकवायच्या आणि मामा बाजूला खुर्चीवर हात बांधून बसायचा. बगळा. कुत्रा. गाईचे पाय. पुन्हा गाईचे पाय. एक मासे पकडणारा गडी, ज्याला झाडामागे आपल्याला कोणी बघत नाही असं वाटत होतं. तो मॅडमनी घाईघाईने पुढे सरकवला. आणि प्रत्येक कार्डाच्या सुरुवातीला रांगणारा मामा. पाणमांजर एकातही नाही. विष्ठा रोज ताजी.

मॅडमनी कारण सांगितलं. पाण्यातून बाहेर आलेल्या पाणमांजराचं अंग बाहेरून पाण्याएवढंच गार असतं, ऊब आतल्या केसांत दडलेली असते. ते झटकन येतं, कार्यभाग उरकतं आणि जातं. डब्याला कळत नाही. जास्त वेळ थांबलं तर कळेल.

"म्हणजे जनावर सापळ्यासमोर येऊन घाण करून जातं आणि सापळ्याला पत्ता नाही," मामा म्हणाला.

मॅडम म्हणाल्या, तसं म्हणता येईल. पण रिकामा फोटो हीसुद्धा माहितीच असते.

हे वाक्य मामाला फार लागलं. घरी येताना तो मला म्हणाला, आपण मुकादमाला रिकामा पिंजरा दाखवून ही माहिती आहे म्हटलं असतं, तर? मी म्हणालो, मुकादमाने सही केली असती. त्यावर तो हसला नाही.

इकडे व्याह्यांना त्याने फोनवर सांगून टाकलं होतं. आवाज एवढा मोठा की भिंतीपलीकडे आमच्या घरात सगळं ऐकू आलं. पाणमांजरांच्या निरीक्षणाचं काम करतो. व्याही म्हणाले असावेत की म्हणजे संशोधन. कारण मामा आवाज जरा उतरवून म्हणाला, तसंच काहीसं. त्यानंतर व्याह्यांचा फोन दर रविवारी यायला लागला. दिसलं का? नाही अजून. चिकाटी लागते हो या कामाला, व्याही म्हणायचे, आणि गुडघ्यांचं विचारायचं विसरून जायचे. मामाला ते फार बरं वाटायचं. आयुष्यात पहिल्यांदा तो व्याह्यांच्या फोनची वाट बघायला लागला होता.

एके दिवशी मॅडम उदास दिसल्या. वरून निरोप आला होता. मोजणीचे सगळे डबे ज्यांच्या हाताखाली होते ते सर स्वतः येणार होते. या नदीवर एकही पाणमांजर दिसलेलं नाही, तर इथले डबे काढून दुसऱ्या नदीवर न्यावेत, असं त्यांचं मत पडत होतं. ते येईपर्यंत एक तरी फोटो मिळाला तर काम पुढे चालू राहील. नाही मिळाला तर मॅडम दुसरीकडे आणि मामा घरी. म्हणजे पुन्हा आरोग्य खात्यात.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी मामा आमच्याकडे चहाला आला. कप धरलेल्या हाताला सुक्या माशाचा वास होता. मी काही विचारलं नाही. पण त्याचा चेहरा डेपोत सकाळी शेड उघडताना असायचा तसा होता.

पुढचं कार्ड काढलं तेव्हा मी खोलीत होतो. बगळा, कुत्रा, मध्येच पुन्हा मामा, आणि मग पाणमांजर. एक नाही, तीन. पुढचं दगडावर पुढचे पाय टेकून खाली डोकं घातलेलं, मागची दोन ओली चकचकीत, माना उंच केलेली, मिशा काट्यासारख्या उभ्या. एकामागून एक फोटो. मॅडम खुर्चीवरून उठल्या, परत बसल्या, परत उठल्या. डोळ्यांत पाणी. मामाला त्यांनी बिस्किटाचा अख्खा पुडा दिला. तो घेऊन मामा घरी आला आणि त्याने रविवारची वाट न बघता व्याह्यांना फोन केला. व्याही म्हणाले, सर येतील त्या दिवशी मीही येतो. असा क्षण पुन्हा येत नाही.

सर आले. पिकलेले केस, साधे कपडे, माणूस चांगला. वाचनालयाच्या लोकांनी भिंतीवर पांढरा पडदा लावून दिला होता. सर पुढच्या खुर्चीवर, मॅडम लॅपटॉपपाशी, मामा बाजूला उभा. पाठीमागे मी आणि इस्त्रीचा शर्ट घातलेले व्याही. मामाने व्याह्यांची सरांशी ओळख करून दिली. सर म्हणाले, तुमच्या व्याह्यांनी फार मेहनत घेतली आहे. व्याही एवढे फुलले की त्यांना खुर्ची पुरेना.

पडद्यावर फोटो आला. एवढा मोठा केल्यावर पाणमांजर अस्वलाएवढं दिसत होतं. सरांनी बराच वेळ पाहिलं, मान डोलावली. मग पुढे वाकले आणि त्या जनावराच्या तोंडाशी काय आहे, असं विचारलं. मॅडमनी तेवढाच भाग आणखी मोठा केला. माशाचं डोकं होतं. लॅपटॉपवर ते सावलीत गेलं होतं, पडद्यावर त्याचा डोळासुद्धा दिसत होता.

मॅडमचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी मामाकडे पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं, हे मला पाठीमागून दिसलं. पण त्या सरांकडे वळून म्हणाल्या की खाली मासे पकडणारे असतात, ते तिथेच दगडावर मासे साफ करतात, त्यांनी टाकलेलं असेल. "असंच असेल ना, मामा?"

सर म्हणाले, कोणी टाकलेलं असेल तर हरकत नाही. नदीकाठी असं पडलेलं असतंच, ते धरून चालतं. आपण ठेवलेलं नाही एवढं नक्की पाहिजे.

मामाला नुसती मान हलवायची होती. बोलायचीही गरज नव्हती. काम चालू राहिलं असतं, रविवारचे फोन चालू राहिले असते, मॅडमना दुसरीकडे जावं लागलं नसतं. त्याने मान हलवायला सुरुवातही केली होती. तेवढ्यात सर पडद्याकडे बघत, आपलं सहज, म्हणाले, "हो, टाकलेलंच दिसतंय. कसंही पडलंय."

मामाची मान थांबली.

"कसंही नाही पडलेलं," तो म्हणाला.

मॅडम म्हणाल्या, "मामा."

"नीट बघा, साहेब. मुळाला बांधलंय. तारेचे वेढे दिसतात, तीन सुलट, एक उलट. कसंही टाकलं असतं तर जनावर एका झडपेत उचलून पाण्यात गेलं असतं. ओढत बसलं म्हणून तुमचा फोटो निघाला."

सरांनी चष्मा काढला. हे तुम्ही बांधलंत का, असं विचारलं.

"मीच. सगळी नोकरी उंदीर पकडले मी नगरपालिकेत. आमिष कसंही टाकलं असं मला आजवर कोणी म्हणालेलं नाही."

माझ्या बाजूची खुर्ची करकरली. व्याही सरळ बसले होते आणि मामाच्या पाठीकडे बघत होते. मामाला ते तिथे आहेत याची आठवण तेव्हा झाली असावी. तो वळला नाही.

सर रागावले नाहीत. वेढे चांगले आहेत, असं ते म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले असं मला वाटलं. पण मग हा फोटो मोजणीत धरता येत नाही. आणि या डब्यासमोर आणखी कधी काय ठेवलं होतं हे आता कोणी खात्रीने सांगू शकत नाही, तेव्हा या डब्याचं सगळंच बाजूला ठेवावं लागेल. मामा म्हणाला, मासा एकदाच ठेवला होता. सर म्हणाले, माझा तुमच्यावर विश्वास आहे, पण मोजणीत विश्वास लिहायला जागा नसते. त्यात त्यांची काही चूक नव्हती. डबे दुसऱ्या नदीवर जायचं तिथेच ठरलं. तीन पाणमांजरं पडद्यावर सगळ्यांना दिसत होती आणि त्या नदीत पाणमांजर नाही असं नक्की झालं. तो फोटो पुढे नगरपालिकेने मागून घेतला आणि आपल्या नदीचं वैभव म्हणून चौकातल्या फलकावर लावला. फोटोतून मासा कापून टाकला होता. वेढे अर्थात गेले.

सर गेल्यावर मॅडम पडदा गुंडाळत होत्या. मामा मदतीला गेला. त्या म्हणाल्या, "मामा, नुसतं हो म्हणायचं होतं."

"म्हणणारच होतो," मामा म्हणाला. "पण ते 'कसंही' म्हणाले."

व्याह्यांना बसवर सोडायचं होतं. स्टँडपर्यंत आम्ही तिघे चालत गेलो. मामा मध्ये. स्टँडवर आल्यावर व्याह्यांनी रुमालाने बाक झटकला, पण बसले नाहीत.

"इतक्या वर्षांत सांगितलं नाहीत," ते म्हणाले.

"तुम्ही विचारलं नाहीत."

"मी रक्तदाबाचं विचारत होतो."

"त्याचं उत्तर दिलं की."

व्याह्यांना त्यात काही खोट सापडली नसावी. ते म्हणाले, घरी हिला मात्र यातलं काही कळू देऊ नका. तुमच्या भरवशावर तिने तिच्या सगळ्या बहिणींचं मीठ बंद केलंय. मामा म्हणाला, मीठ कमीच बरं. व्याही म्हणाले, ते खरं.

बस लागली. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला, लग्नाच्या दिवशी केला होता तसा, लांबून. मामा तोंड पाडून उभा. व्याह्यांनी एक पाय पायरीवर ठेवला, दांडी धरली आणि तसेच थांबले. मागच्या माणसांनी आवाज केला तर त्यांना वाट दिली. मग मान वळवून, बँकेत खातेदाराला बाजूला घेऊन सांगावं तशा आवाजात म्हणाले,

"आमच्या मागच्या पायऱ्यांखाली घूस आहे. वर्ष झालं. औषधं घातली, काचा भरल्या, सिमेंट केलं. मुलगा म्हणतो, बाबा, तुम्हाला भास होतो. घुशीला पिंजरा कुठला लागतो हो?"

"पिंजऱ्याचं नंतर," मामा म्हणाला. "बिळाबाहेर माती काढते ती ओली असते का कोरडी?"

व्याह्यांनी आठवून पाहिलं. "ते काही बघितलं नाही."

"बघितलं नाही?"

"नाही."

"वर्षभर घूस घरात आणि माती बघितली नाही? मग औषध कुठे घातलंत? सिमेंट कुठे केलंत?" व्याह्यांशी त्या आवाजात बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. तो आवाज शेडमधला होता, आमिष टोचणाऱ्या पोरांसाठी राखलेला. "एक तोंड बुजवलंत तर तिची आणखी दोन असतात. ती आधी शोधायची."

कंडक्टरने विचारलं, काका, वर का खाली? व्याही खाली उतरले. मामाने बाकाशेजारची एक काटकी उचलली, उकिडवा बसला आणि धुळीत त्यांच्या पायऱ्या काढून तोंडं कुठे कुठे असतील ते दाखवू लागला. व्याही इस्त्रीच्या विजारीनिशी त्याच्या शेजारी वाकले आणि मध्येच, नाही नाही, नळ या बाजूला आहे, म्हणून काटकी आपल्या हातात घेतली.

बस गेली. पुढची केव्हा आहे ते मी चौकशीच्या खिडकीवर विचारून आलो, कारण त्या दोघांना ते सुचणार नव्हतं.